रंग आणि साक्ष

शुक्राची चांदणी आपण पाहतो. तिची भूमी मात्र सदैव मेघांआड. १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने रडारलहरी सोडून ९८ टक्के भूमीचा नकाशा केला. खडबडीत प्रदेश त्यात बहुधा उजळ, गुळगुळीत काळा. म्हणजे ते चित्र रूपाचे नव्हे, जणू स्पर्शाचे. नारिंगी रंग मागाहून भरला, व्हेनेरा यानांच्या छायाचित्रांवरून. हे असत्य होय काय? आम्हांस तसे वाटत नाही. शास्त्रज्ञांनी रंगाची कबुली चित्रासोबतच दिली होती. ती गाळून चित्र भिंतीवर लावणाराचा मात्र दोष आहे. परिस्थितिजन्य पुराव्याला आम्ही वकीलही डोळ्यांदेखतची साक्ष म्हणत नाही. माआत पर्वतावरील (हे नाव मिसरी सत्यदेवतेचे!) ज्वालामुखीचे मुख १९९१ मध्ये आठ महिन्यांत रुंदावल्याचे २०२३ साली उमगले, ते रंगहीन प्रतिध्वनी ताडूनच.