परवाना मिळाला, शिकणे संपले का?



नवी गाडी घेतली की ती सर्वप्रथम देवळासमोर आणायची, ही आपल्याकडची जुनी आणि सुंदर प्रथा आहे. आम्ही धर्मगुरू प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो. आरशाला रोझरी लटकते, पुढे संत ख्रिस्तोफर यांचे पदक लागते, पेढे वाटले जातात. हे सर्व चांगलेच आहे. पण एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. गाडीला आशीर्वाद मिळाला. ती चालवणाऱ्या हातांची तयारी किती आहे?

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर उभे केले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सुचवले. येशूने ते नाकारले. पित्यावर त्याचा विश्वास कमी नव्हता. पण देवाची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे, हे त्याला ठाऊक होते. पुढे पदक लावून भरधाव गाडी हाकणारा माणूस सैतानाचे तेच आमंत्रण स्वीकारत असतो.

आपले शहर कसे आहे ते पाहा. एकीकडे काशिमीऱ्याहून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता, त्यावर अवजड ट्रक आणि कंटेनर. दुसरीकडे डोंगरी, उत्तन, पाली, चौक येथले अरुंद रस्ते. तिथे बस, मासळीचा टेम्पो, रिक्षा आणि शाळेतून येणारी मुले एकाच वळणावर भेटतात. मैदानात आठचा आकडा काढून किंवा गाडी नीट मागे घेऊन ज्याने परवाना मिळवला, त्याची या रस्त्यांवर परीक्षा झालेलीच नसते. अधिकृत चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ साली झालेल्या नियमांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे: ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. आपल्यापैकी कितीजण एवढे तास शिकले असतील?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज ४६० हून अधिक घरांत शोककळा. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची माणसे होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला उद्योगपती सायरस मिस्त्री आपल्याच महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, अपघातात मरण पावले. मागच्या आसनावरील दोघेही गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी आणि मजबूत होती. तरीही हाताशी असलेला साधा पट्टा कामी आला नाही, कारण तो लावलाच नव्हता.

परवाना मिळाल्यावर पुन्हा शिकायचे, ही कल्पना आपल्याला नवी वाटते. ती जुनी आहे. लंडनच्या पोलिसांनी १९३० च्या दशकात हेंडन येथे आपल्या चालकांसाठी खास शाळा काढली. तिथे घडलेली पद्धत १९५५ साली ‘रोडक्राफ्ट’ या पुस्तकात आली आणि १९५६ पासून इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स या संस्थेने ती सामान्य चालकांपर्यंत नेली. आपल्या राज्यातही पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ साली स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था परिवहन क्षेत्रातील लोकांना शिकवते. ज्यांचे पोटच गाडीवर चालते तेही पुन्हा शिकतात; मग आपल्याला कसला संकोच?

असे धडे घेताना काय शिकवतात? नजर समोरच्या गाडीच्या दिव्यांवर खिळवू नका, दूरवर टाका. पुढच्या गाडीपासून कमीत कमी दोन सेकंदांचे अंतर ठेवा, पावसात चार. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते; पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढा रस्ता संपतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला चौपट अंतर लागते. घोडबंदरला गायमुखचा उतार उतरताना खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा आणि स्टिअरिंग हातात ठेवा. आणखी एक सराव असतो: जे दिसते ते चालवता चालवता मोठ्याने बोलायचे. ‘डावीकडे रिक्षा थांबली, कोणी उतरेल, पुढे शाळा आहे, वेग कमी करतो.’ रात्री झोपण्यापूर्वी आपण विवेकबुद्धीची तपासणी करतो, तशीच ही लक्षाची तपासणी. आपले लक्ष कुठे भटकते ते लगेच कळते.

संत थॉमस अक्वायनस विवेक या सद्गुणाची आठ अंगे सांगतात. दूरदृष्टी, चौफेर भान, सावधगिरी, अचानक आलेल्या प्रसंगी तत्परता ही त्यांपैकी काही. चांगल्या चालकाचेच वर्णन वाटावे! त्या आठांत त्यांनी आणखी एक अंग मोजले आहे: शिकून घेण्याची तयारी. जाणत्या माणसालाही काही बाबतींत दुसऱ्याकडून शिकावेच लागते, कारण विवेकात कोणीच स्वयंपूर्ण नसतो, असे ते म्हणतात. आपल्यात काहींना परवाना असूनही महामार्गावर जायची भीती वाटते. विशेषतः अनेक भगिनी वर्षानुवर्षे चाकाला हात लावत नाहीत. काही तरुणांना कशाचीच भीती वाटत नाही. भीती आणि गर्व, दोन्हींवर औषध एकच: शेजारी बसलेला जाणकार आणि त्याचे ऐकणारा कान. त्यातून येतो तो खरा आत्मविश्वास.

जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील माणसांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चालकांसाठी दहा आज्ञा आहेत आणि पहिलीच आज्ञा सिनाय पर्वतावरची पाचवी आज्ञा आहे: खून करू नको. गाडी सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये, असेही तिथे बजावले आहे. दारू पिऊन किंवा वेगाच्या हौसेपायी इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. पण पापनिवेदनाला येताना रस्त्यावरचे वागणे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

म्हणून एक विनंती. मुलाच्या पहिल्या दुचाकीच्या खर्चात चांगल्या हेल्मेटचे आणि काही धड्यांचे पैसे धरा. ज्यांना दहा-वीस वर्षांचा अनुभव आहे, त्यांनी एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला दोन तास शेजारी बसवून आपल्या चुका विचाराव्यात. ज्या भगिनींनी गाडी चालवणे सोडले आहे, त्यांना घरच्यांनी हसू नये, धीर द्यावा. मिस्सानंतर बाहेर पडताना रस्ता ओलांडणाऱ्या आजीला आधी जाऊ द्यावे.

शेजाऱ्यावर प्रीती करायला प्रभूने आपल्याला शिकवले. रस्त्यावर तो शेजारी अनोळखी असतो, आपल्या पुढच्या चाकापासून काही मीटरवर असतो, आणि संध्याकाळी त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते.

प्रभू आपणा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो.

आपले धर्मगुरू