दिवा, राख आणि पांढर

महसुली दप्तरात उठून गेलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणण्याची जुनी रीत आहे. हा शब्द मूळ फारसी असून ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा, म्हणजे जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. परंतु मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली आणि शब्दाचा अर्थ ‘जळून खाक’ असा होत गेला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही चूक असली, तरी ओस पडलेल्या घराचे पावित्र्य कशात होते आणि ते कुठे जाते, या प्रश्नाची दोन्ही टोके, दिवा आणि राख, या चुकीने एकाच शब्दात आणून ठेवली आहेत.

लातूर जिल्ह्यातील बालाघाटच्या पठारावर शेतातच घर-गोठा करून राहण्याच्या जागेला, म्हणजे आखाड्याला, माणसे सोडून गेली की लाकूडफाटा आधी जातो आणि मग भिंती विरघळतात. उरतात ते जोत्याचे दगड, जमिनीत रुतलेले उखळ, जात्याची फुटकी तळी आणि पेवाचे, म्हणजे धान्य साठवण्यासाठी खोदलेल्या अरुंद तोंडाच्या खड्ड्याचे, बुजत आलेले तोंड. भोवतालच्या काळ्या रानात ती जागा फिकट दिसते, कारण चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या तिथे साचलेली असते. वस्तीच्या या मातीला ‘पांढर’ आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात, आणि पुरातत्त्वज्ञही जुनी वस्ती बहुधा या पांढरीवरूनच ओळखतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात अशाच थरांखाली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, धान्याची पेवे, जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले आणि मातीच्या झाकणदार पेटीत ठेवलेली शिरविरहित स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या पूजेचे मंत्र आज कोणालाच ठाऊक नाहीत. मात्र घराच्या जमिनीखाली काहीतरी जपून ठेवण्याची वृत्ती, वास्तुशांतीत आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरणाऱ्या आजच्या गृहस्थाला परकी वाटणार नाही.

घराचे पावित्र्य कुठे जाते, या प्रश्नाचे अद्वैत वेदान्ताकडे तयार उत्तर आहे. घड्यातील पोकळीला घटाकाश आणि घरातील पोकळीला मठाकाश म्हणतात. भिंती पडल्या तरी आकाश फुटत नाही, ते महाकाशाशी एकरूपच असते, म्हणून खऱ्या अर्थाने काहीच गेलेले नसते. हे उत्तर निर्दोष आहे, पण त्यात दिव्याला जागा नाही. भिंती असताना आणि नसताना आकाश सारखेच राहिले, तरी दिवा रोज कोणीतरी लावावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हाच प्रश्न ग्रंथांतून बाहेर पडून गावोगाव उभा राहिला. आदली रात्र अनंत चतुर्दशीची होती. गणपतीला उत्तरपूजेने निरोप देऊन गावे झोपली होती, आणि दगडमातीच्या भिंती व माळवदावर, म्हणजे सपाट धाब्याच्या छतावर, वर्षानुवर्षे चढत गेलेली जड माती कोसळून हजारो माणसे दगावली. पुढे ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. पूजाविधीत देवाला बोलावणे म्हणजे आवाहन आणि निरोप देणे म्हणजे विसर्जन. त्या रात्री मातीच्या मूर्तीला रीतसर निरोप मिळाला आणि मातीच्या घराला मिळाला नाही. देव्हाऱ्यातील टाक ढिगाऱ्यातून काढून नव्या घरी नेता आले, वास्तुपुरुष मात्र कोपऱ्यातच राहिला.

पावित्र्य जागेत असते म्हणावे, तर नव्या घरातील दिवा उसना ठरतो. माणसांत असते म्हणावे, तर जुन्या गावठाणाकडे वळणारे पाय अनाकलनीय ठरतात. ते नित्यकर्मात, म्हणजे फळाचा हिशेब न करता रोज केल्या जाणाऱ्या कृतीत असते असे मानले, तर दोन्ही गोष्टी जुळतात, कारण कृती माणसाबरोबर जाते आणि तिचा साठा जागेवर राहतो. पांढरीतील राख हा असाच साठा आहे: हजारो सकाळी पेटलेल्या आणि रात्री विझवलेल्या चुलींचा. शेतकरी ही माती गाड्या भरभरून नेतात आणि खत म्हणून रानात पसरतात. तेव्हा पांढर काळीत मिसळते, आणि निरोपाविना राहिलेल्या घराचे विसर्जन थोडे थोडे करून होत राहते.