रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

दोन चलांतील रेषीय समीकरणाचा आलेख सरळ रेषा असतो. असमानतेचा आलेख त्या रेषेच्या एका अंगाचे अख्खे अर्धप्रतल व्यापतो. वही ३० रुपयांची, पेन २० रुपयांचे आणि हातात १२० रुपये आहेत असे धरू. क्ष वह्या आणि य पेन घेऊन सगळे पैसे संपवायचे तर, दहाने भागून, ३क्ष + २य = १२. पण खरेदीला निघालेला माणूस पैसे संपवायलाच निघालेला नसतो. खर्च १२० रुपयांत बसला की झाले, म्हणजे ३क्ष + २य ≤ १२. अर्धी वही कोणी विकत नाही, म्हणून पूर्ण संख्याच मोजल्या तर समीकरणाला ३ उत्तरे मिळतात आणि असमानतेला, काहीच न घेण्याचा पर्याय धरून, १९.

आलेख काढताना आधी (४, ०) आणि (०, ६) जोडून रेषा काढतात. मग आरंभबिंदू तपासतात: ० ≤ १२ हे खरे, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू रंगवायची. एका बिंदूवरून अर्ध्या प्रतलाचा निकाल कसा लागतो, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते, आणि खरी गंमत तिथेच आहे. ३क्ष + २य ची किंमत सलग बदलते. बाराच्या आतून बाराच्या वर जायचे तर वाटेत नेमके बारा लागणारच, आणि बारा फक्त रेषेवर आहेत. रेषा न ओलांडता बाजू बदलता येत नाही.

'<' दिसले की रेषेखाली रंगवायचे, ही पाठ केलेली युक्ती मात्र फसवते. २क्ष − य < ४ मध्ये य चे चिन्ह ऋण आहे. असमानता य > २क्ष − ४ अशी होते आणि रेषेच्या वरचा भाग रंगतो. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर तपासायला दुसरा बिंदू घ्यावा. चिन्हात 'बरोबर' नसेल तर रेषा तुटक काढतात, कारण ती उत्तरात नसते.

अशा अनेक अटी एकत्र आल्या की सर्वांना मान्य असा बहुभुज उरू शकतो. जॉर्ज डांट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवरून सर्वोत्तम उत्तराकडे जाते. ग्वाल्हेरला जन्मलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली मांडलेली पद्धत त्याच उत्तराकडे रंगवलेल्या भागाच्या आतून जाते.