ठिगळावर सही

दुसऱ्याच्या कामात आपण सुधारणा करावी का, हा प्रश्न दिसायला साधा. पण बायकोच्या आमटीत चिमूटभर मीठ घालून पाहा, म्हणजे त्याची खोली कळेल.

हल्ली हा प्रश्न संगणकवाल्यांना छळतो. त्यांच्यात 'डेबियन' नावाचा एक परोपकारी गोतावळा आहे. जगभरच्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम गोळा करायचे, एका गाठोड्यात बांधायचे आणि फुकट वाटायचे, हा त्यांचा धर्म. आता, वाटणारा नुसता वाटून थोडाच थांबतो? २००६ साली त्यांच्यातल्या एका सज्जनाने 'ओपनएसएसएल' या कुलपं-किल्ल्या घडवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बंद केल्या. तपासणीत त्यांच्याबद्दल कुरकुर येत होती, एवढाच त्यांचा गुन्हा. हेतू गंगाजळासारखा! पण किल्लीचे दाते कुणाला ओळखता येऊ नयेत, ही व्यवस्था त्यांतलीच एक ओळ बघत होती. मग एकेका जातीच्या किल्ल्या निघू लागल्या जेमतेम ३२ हजार. तेवढ्या लावून बघणं म्हणजे संगणकाला चहाआधीचं काम. मे २००८मध्ये बिंग फुटलं. तोवर मंडळी कुलूप लावून निर्धास्त झोपत होती.

म्हणून काही शहाणे म्हणतात, मूळ लेखकाखेरीज कुणी हातच लावू नये. बरं, मग नाथमहाराजांचं काय करायचं? ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढे पाठांतरं आणि नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली आणि वर बजावलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी! त्यांनी हात लावला नसता, तर आपल्या ताटात किती करवंट्या आल्या असत्या कोण जाणे. पण त्यांनी नेमकं काय बदललं, याची यादी आपल्या हाती नाही. म्हणून तर १९०९मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि विद्वानांची वादाची सोय झाली.

शिवाय मूळ कारागिराची वाट पाहा, हा उपदेश विरार लोकलमध्ये करून बघावा. तीन जणांच्या बाकावरची चौथी सीट रेल्वेने दिलेली नाही, ती प्रवाशांनी लावलेलं ठिगळ आहे. पण बसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की आपण अर्धे बाकावर आणि अर्धे परमेश्वराच्या हवाली. किल्लीवाल्यांना बिचाऱ्यांना तेवढंही कुणी सांगितलं नव्हतं.

खरा प्रश्न ठिगळाचा नाहीच, ते झाकण्याचा आहे. बँकेत आम्हा कारकुनांचा याबाबत जुना नियम आहे. चुकीचा आकडा रबराने खोडायचा नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. डेबियनवालेही आता मूळ माल एकीकडे आणि आपली ठिगळं वेगळी ठेवतात. उपकार जरूर करावा, पण सहीनिशी. उद्या तो अंगावर आला, तर निदान कुणाच्या टेबलाशी जायचं ते तरी कळतं. अर्थात तो माणूस नेमका तेव्हा जेवायला गेलेला असतो, ती गोष्ट वेगळी.