उताणा हात, पालथा हात

घास उचलताना तळहात ताटाकडे पालथा असतो. तोंडाशी येईपर्यंत तो वळून आपल्याकडे झालेला असतो. शरीररचनाशास्त्रात या वळण्याची दोन नावे आहेत. तळहात वर वळला की सुपिनेशन, खाली वळला की प्रोनेशन. लॅटिनमध्ये ‘सुपिनुस’ म्हणजे पाठीवर उताणा पडलेला आणि ‘प्रोनुस’ म्हणजे पुढे झुकलेला. अख्ख्या देहाच्या स्थितीचे शब्द हाताला लागले. आपल्याकडेही तसेच झाले. नाट्यशास्त्रात हस्तांचे उत्तान, पार्श्वग आणि अधोमुख असे प्रकार सांगितले आहेत, आणि मराठीतला ‘उताणा’ त्याच ‘उत्तान’पासून आला.

मग शास्त्राला ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ हे सोपे शब्द का पुरले नाहीत? कोपरे काटकोनात वाकवून दोन्ही तळहात एकदम वर करून पाहावेत. आपल्या नजरेने उजवा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, डावा उलट. स्नायू तेच, हाडे तीच, तरी दिशा दोन. म्हणून हालचालीचे नाव ती करणाऱ्या शरीरावरून ठरावे लागते. माझ्या मते यात परिभाषेच्या सोयीपलीकडचा एक विचार आहे: हालचाल कोणाच्या बाजूने पाहायची, हा तो विचार.

स्क्रू पिळण्याचेच घ्या. नेहमीचा स्क्रू घट्ट करताना उजवा हात सुपिनेशन करतो आणि दंडातला बायसेप्स त्याला जोर देतो. कोपर वाकलेले असताना या हालचालीत तो फार बलवान असतो. डाव्या हाताने काम करणाऱ्याला तोच स्क्रू प्रोनेशनने पिळावा लागतो, तिथे बायसेप्स मदतीला येत नाही. ‘उजवीकडे फिरवा’ ही सूचना दोघांना सारखीच असते, शरीराचे कष्ट मात्र वेगळे पडतात.

हे वळणे घडते अग्रबाहूतल्या दोन हाडांमुळे. तळहात उताणा असताना रेडियस आणि अल्ना शेजारी शेजारी असतात. तो पालथा होताना रेडियस अल्नावरून तिरपी ओलांडते. घोड्यात आणि गाय-बैलांत ही हाडे एकमेकांना जुळलेली असतात, त्यामुळे त्यांचा पुढचा पाय प्रोनेशनमध्येच स्थिर राहतो. भार पेलायला ते उपयोगी आहे, पण त्या पायाला काही हातात घेता येत नाही. माणसात ही हाडे मोकळी आहेत, आणि आपली निम्मी हस्तकौशल्ये त्या मोकळिकीवर उभी आहेत.

मनगटाजवळ मोडलेली रेडियस वाकडी जुळली, तर ही मोकळीक कमी होऊ शकते. प्रोनेशन कमी पडले तर खांद्यातून हात बाजूला उचलून तळहात बराचसा पालथा करता येतो. सुपिनेशनची उणीव तशी भरून निघत नाही. तीर्थ घेणे, सुटे पैसे घेणे, तोंडावर पाणी मारणे ही कामे अडतात. बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिले की, दैनंदिन बहुतेक कामांना मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना सुमारे ५० अंश पुरतात. पण ‘बहुतेक कामे’ म्हणजे प्रत्येकाची कामे नव्हेत. तबलजीची, सुताराची आणि दिवसभर कीबोर्डवर बसणाऱ्याची गरज एक नसते.

म्हणून उपचाराच्या खोलीत ‘हात फिरवा’ एवढे सांगणे अपुरे आहे. हात सरळ असेल तर खांदाही फिरतो आणि अग्रबाहूचा दोष झाकला जातो. ‘कोपर कुशीला टेकवा, तळहात उताणा करा’ असे म्हटले की रुग्णाला कळते आणि मोजमापही खरे येते. कोनमापकाने अंश जरूर मोजावेत. पण कोणते काम अडले आहे हे रुग्णाला विचारावे, आणि व्यायामाचे उद्दिष्ट त्या कामावरून ठरवावे.