‘म्हणे’ हा शब्द गाळू नका



दीक्षा घेतली, घरातील देव्हारा उतरवला, आणि आठ दिवसांत धाकट्याला ताप भरला. धरणगावची गल्ली असो की आसपासच्या खेड्यातील वस्ती, अशा वेळी कोणीतरी म्हातारी ओट्यावर येऊन बसते व हळूच म्हणते, “देव कोपला म्हणे.” ही गोष्ट चार घरे फिरून येते तेव्हा तिच्यातील शेवटचा शब्द गळालेला असतो. उरते ते एवढेच : “देव कोपला.” 

‘म्हणे’ हा शब्द लहान, पण प्रामाणिक आहे. मी पाहिले नाही, नुसते ऐकले, अशी कबुली त्यात आहे. केसपुत्त येथील कालामांना उपदेश करताना, केवळ कशाच्या आधारावर एखादी गोष्ट खरी मानू नये हे तथागतांनी सांगितले. त्यात ‘इतिकिरा’ असा एक पाली शब्द आहे. त्याचा अर्थच ‘असे म्हणे’ हा होय. ऐकणे वाईट नाही. ऐकलेले पाहिले म्हणून सांगणे वाईट.

बिनपुराव्याच्या बोलण्याला मराठीत शब्दांची उणीव नाही. परंतु ते सारे एका मापाचे नाहीत. कानावर आली ती ऐकीव गोष्ट. गावभर पसरली, पण मूळ सापडत नाही, ती आवई. कोणी मुद्दाम पिकवली ती कंडी. दुसऱ्याला दाबण्यासाठी उभा केला तो बागुलबुवा. आणि पुराव्यावाचून एखाद्या माणसाच्या माथी मारला तो आळ. ऐकीव गोष्टीने वेळ जातो. आळाने जीव जातो.

हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. आपल्याच खानदेशात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळविणारी टोळी फिरते, अशी आवई मोबाईलवरून गावोगाव गेली होती. त्या आवईतला ‘म्हणे’ गळाला आणि आवईचा आळ झाला. कोणी पाहिले, कोणाचे मूल गेले, हे विचारून थांबायला जमावाला सवड नव्हती. सातपुड्याच्या पाड्यांवर निराधार बाईला ‘डाकीण’ ठरवतात, ती रीतही हीच. करणीचा आळ घेऊन कोणाचे जगणे कठीण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा येतो तो बोलणे होऊन गेल्यावर. तोंड आवरायचे ते आपणच.

मात्र एक भेद विसरू नका. तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईची भीती खरी असते. खोटे असते ते तिला सांगितलेले कारण. तिला ‘अडाणी’ म्हणून हिणवाल, तर ती उद्या लपून भगताकडे जाईल. तिच्या भीतीला मान द्या, मुलाला दवाखान्यात न्या, आणि मग शांतपणे विचारा : “आई, देव्हारा घरात होता तेव्हा ताप येतच नव्हता का?” राईनपाड्याला जमलेल्या आईबापांचीही लेकरांविषयीची भीती खरी असेल, म्हणून त्यांचा आळ खरा ठरत नाही.

हीच कसोटी स्वतःलाही लावा. शेजारच्या वस्तीविषयी, परजातीविषयी आपल्याला आवडणारी आवई आली की आपणही तिला चटकन ‘बातमी’ म्हणतो. आपल्या बाजूची झाली तरी आवई ती आवईच. सम्यक् वाचा केवळ परक्यांनी पाळायची नसते.

म्हणून पुढच्या वेळी असे काही कानावर आले तर घरातल्या लहानग्यांसमोरच विचारा : कोणी पाहिले? केव्हा? कुठे? उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट तिथेच थांबवा. सांगायचीच झाली, तर शेवटचा ‘म्हणे’ जपून सांगा.