सवय लावणे आणि सवय होणे

एखाद्या प्राण्यास आपण घर देतो तेव्हा त्यास नेमके काय देतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्यासारखा आहे. ऊन, पाऊस व थंडी यांपासून आसरा देतो. यात विचार करण्याजोगे ते काय, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. परंतु २०२२ सालच्या हिवाळ्यात नागपुरातील आमच्या अंगणात एका कुत्र्यासाठी लाकडी घर उभारण्याचा प्रसंग आला, आणि त्या कुत्र्याने त्या घराकडे तब्बल सतरा दिवस पाठ फिरविली. त्या सतरा दिवसांत जो विचार करणे आम्हांस भाग पडले, तोच वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

त्या वर्षी २० ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांविषयी एक आदेश दिला. सार्वजनिक ठिकाणी त्यांस कोणी खाऊ घालू नये; ज्यांस त्यांची काळजी वाहावयाची असेल त्यांनी त्यांस रीतसर दत्तक घ्यावे, महापालिकेकडे त्यांची नोंद करावी आणि मग आपल्या घरी त्यांस पोसावे, असा त्याचा आशय होता. दत्तक घेण्याच्या या अटीस १६ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यातील कायद्याचा ऊहापोह करण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि त्या आदेशाने आमच्या मनास जी टोचणी लागली, ती स्थगितीने गेली नाही. धरमपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीखाली एक तांबूस कुत्रा राहत असे. रोज रात्री त्याच्यापुढे शिळी पोळी टाकून आम्ही समाधानाने घरी परतत असू. पहाटे शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या अंगावर त्याच टपरीजवळची कुत्री धावून जात, हेही आम्हांस ठाऊक होते. दयेचे पुण्य आमच्या पदरी आणि तिची किंमत मात्र दुसऱ्याच्या पोटरीने द्यावयाची, असा हा व्यवहार होता. त्याची लाज वाटून आम्ही त्या कुत्र्यास घरी आणले आणि त्याचे नाव मोत्या ठेविले. नसबंदीची खूण म्हणून त्याच्या कानाचा शेंडा आधीच कापलेला होता. रेबीजची लस आम्ही टोचून घेतली.

सुताराकडून घर करविले तेही हौसेने. सागवानी फळ्या, वर टिनाचा पत्रा, जमिनीपासून वीतभर उंच बैठक, आणि बाहेरून कडी घालता येईल असे दार. पाहणाऱ्याने वाखाणावे असे ते झाले. मोत्याने ते दोनदा हुंगले आणि तो फाटकाजवळच्या उघड्या फरशीवर जाऊन बसला. पहिल्या चार दिवसांत आम्ही हाका मारल्या, बिस्किटे दाखविली. पाचव्या रात्री थंडी वाढली तेव्हा आम्ही त्यास उचलून आत ढकलले आणि कडी घातली. सारे त्याच्या हिताचेच होते! रात्रभर तो फळ्या ओरबाडीत राहिला. सकाळी कडी काढताच तो बाहेर पडला आणि आमच्या हातची पोळी त्याने प्रथमच नाकारली. टपरीखाली असताना त्याने ती कधी नाकारली नव्हती.

कुत्री पाळण्यात केस पिकलेल्या एका वृद्ध शेजाऱ्यांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "अहो, आधी ते दार काढून टाका. त्याचं जुनं पोतं आहे ना, ते न धुता आत घाला. जेवणाचं भांडं आज दारापासून हातभर दूर ठेवा, दोन दिवसांनी उंबऱ्यावर आणि मग आत. तो आत गेला म्हणून टाळ्या वाजवू नका, बाहेर आला म्हणून रागावू नका. आणि हे पाहा, त्या घरात त्याला शिक्षा म्हणून कधीही घालू नका." आम्ही तसे केले. सतराव्या दिवशी दुपारी मोत्या आपण होऊन आत गेला, तीनदा स्वतःभोवती फिरला आणि पोत्यावर अंग टाकून झोपी गेला.

गोष्ट येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु याच सुमारास रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या एका प्रयोगाची हकीकत आमच्या वाचनात आली आणि आमचे समाधान डळमळले. विशिष्ट खुणेने कुत्र्याच्या तोंडास पाणी कसे सुटते, याविषयीचे त्यांचे प्रयोग सर्वश्रुत आहेत. त्या प्रयोगांसाठी कुत्र्यास पट्ट्यांनी बांधून एका चौकटीत उभे करीत. बहुतेक कुत्री ते निमूटपणे सोशीत. पण एक कुत्रे काही केल्या शांत राहीना. १९१७ च्या सुमारास पाव्हलॉव्ह यांनी त्याच्या या ओढीस 'स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया' असे नाव दिले. तिच्यावर शेवटी मात केली ती अशी: त्या कुत्र्यास अन्न केवळ त्या चौकटीतच द्यावयाचे, अन्यत्र कोठेही नाही. आरंभी ते फारसे खाईना. हळूहळू खाऊ लागले, आणि ती ओढ मावळली.

वाचकांनी आता आमचे भांडे आठवावे. हातभर दूर, मग उंबऱ्यावर, मग आत! साधन तेच, प्राणी तोच, परिणामही तोच. मग चौकट आणि घर यांत भेद तो कोणता? आम्ही एक स्वातंत्र्य भुकेच्या बळावर मोडून काढिले, की एका भित्र्या जिवास निर्भय केले?

आमच्या भाषेत याचे अर्धे उत्तर आधीच दडलेले आहे. 'सवय लावणे' आणि 'सवय होणे' असे दोन प्रयोग आपण करितो. पहिल्यात कर्ता आपण असतो. दुसऱ्यात सवय ज्याची, त्याच्याच ठायी ती घडते, आपण फार तर तिच्या आड येत नाही. प्रयोगशाळेत न खाणाऱ्यासाठी दुसरी वाट नव्हती. मोत्या आत आला नसता तरी त्याची पोळी बाहेर त्यास मिळालीच असती, कारण पाचव्या रात्रीनंतर तेवढा निश्चय आम्ही केला होता. अन्न दोन्हीकडे आमिष होते, हे खोटे नाही. परंतु एकीकडे नकाराची किंमत उपासमार होती, आणि दुसरीकडे नकाराला काहीच किंमत नव्हती. ज्यास नाही म्हणता येते त्याच्याच होकारास अर्थ असतो. हे माणसाच्या बाबतीत जितके खरे, तितकेच मुक्या प्राण्याच्या बाबतीत आहे, असे आम्हांस वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. लाकडी घराचे दार आम्ही काढिले खरे. पण अंगणाचे फाटक? ते आम्ही बंद ठेविले, आणि आजही ठेवितो. त्या फाटकापुरता मोत्याचा होकार आम्ही विचारलेला नाही. मात्र ते आम्ही त्याच्या सुखासाठी लाविले आहे, असे म्हणणे असत्य होईल. ते पहाटे शिकवणीला जाणाऱ्या त्या मुलांसाठी आहे. त्याच्यावर प्रेम करावयाचे आम्ही ठरविले. त्या प्रेमाचा भुर्दंड मुलांनी का सोसावा? बंधन घालणे नेहमीच अन्याय्य असते असे नाही. परंतु दुसऱ्याच्या रक्षणासाठी घातलेल्या बंधनास त्याच्याच कल्याणाचे नाव देणे, हे अन्याय्य आहे. कारण मग ते कितीही वाढविले तरी आपल्या मनाला बोचत नाही.

हा भेद एका अंगणापुरता नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे पकडले त्याच जागी परत सोडावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली व हल्लेखोर कुत्री वगळता, हेच तत्त्व मान्य केले. मात्र ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यांत ठेवावीत, असा आदेश दिला. मुलांच्या व रुग्णांच्या सुरक्षिततेचा विचार करिता त्यात वावगे काही नाही. परंतु त्या वास्तूंस आपण 'निवारा' म्हणतो तेव्हा तो कोणाचा निवारा, हे विसरू नये. तो आधी आपला आहे. त्याचे ऋण म्हणून तेथील प्राण्यांस जागा, पाणी, सावली व माणसाचा सहवास देणे, हे आपले देणे आहे; दान नव्हे.

महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजाने आपल्यामागून आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारिले, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. पण तो कुत्रा आपण होऊन आला होता. आमचा मोत्या आला नव्हता. आम्ही त्यास आणिला. जो शरण आला त्यास न टाकणे हा धर्म असेल, तर ज्यास आपणच उचलून आणिले त्याच्याविषयीचे कर्तव्य त्याहून जड असले पाहिजे. कुत्रा 'पाळणे' आणि शब्द 'पाळणे' यांसाठी आपल्याकडे एकच क्रियापद आहे, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे उन्हाळा आला. नागपूरच्या हवेची दोन टोके सांगावयाची तर २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश तापमान नोंदले गेले आहे. डिसेंबरात ऊब धरणारे घर मे महिन्यात तसेच्या तसे उपयोगी पडेल, हा आमचा भ्रम होता. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकूनच त्यास अंगातील उष्णता बाहेर टाकावी लागते. टिनाच्या पत्र्याखाली ते त्यास कसे साधावे? एके सकाळी मोत्याने लिंबाच्या झाडाखाली, जेथे आमच्या कूलरचे पाणी झिरपते तेथे, खड्डा उकरला आणि दिवसभर तो त्या ओल्या मातीत पडून राहिला. आम्ही लगबगीने पत्र्यावर वाळ्याची ताटी घातली, घराचे तोंड पश्चिमेकडून वळवून सावलीकडे केले. त्याने ते पाहिले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी आम्हांस राग आला नाही, एवढी प्रगती आमची झाली होती. त्यास घराची सवय होण्यास सतरा दिवस लागले. घर त्याचे आहे याची सवय आम्हांस होण्यास सहा महिने लागले. पाऊस सुरू झाला तसा तो परत आत निजू लागला. काढून ठेविलेले दार अद्याप गच्चीवर पडून आहे. ते पुन्हा बसविण्याचे कारण आजवर घडलेले नाही.